फालाखेला घरी आणायचंय

मी लग्न होऊन एमोयेनीला आले तेव्हा माशेझी आमच्या शेजारच्या घरात राहत होत्या आणि निम्मं गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं. उरलेलं निम्मं बोलायचं ते फक्त त्यांची समजूत घालायला. माझ्या सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, त्या बाईच्या फार नादी लागू नकोस म्हणून. पण मला चटई विणायला शिकायची होती, आणि चटई विणावी तर माशेझींनीच. त्यामुळे मी रोज कुंपणापलीकडे जाऊन बसायचे.

माशेझी म्हणजे शेझींची मुलगी. आमच्याकडे बाई लग्न होऊन कितीही लांब गेली तरी तिला हाक माहेरच्या नावानेच मारतात. त्यांचं सासर म्बांजवांचं. उंच, हाडापेराने मोठी बाई. चालताना घाई नाही, पण एकदा निघाल्या की वाटेत कोणासाठी थांबायच्या नाहीत. बोलणं कमी. हसल्या की मात्र खांदे हलेपर्यंत हसायच्या.

चटयांसाठी लागणारा लव्हाळा खालच्या पाणथळीत उगवतो. डोंगरावर आमचं एमोयेनी, खाली सपाटीला एथाफेनी, मधून ओढा आणि ओढ्याच्या काठाने ती पाणथळ. पूर्वी दोन्हीकडच्या बाया तिथे एकत्र लव्हाळा कापायच्या, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायच्या. मी आले त्या काळात तिथला लव्हाळा डोक्याच्या वर वाढला होता. कापायला कोणी उतरतच नव्हतं.

कारण साधं होतं. मी येण्याच्या काही वर्षं आधी दोन पक्षांचं भांडण शहरातून रस्त्यारस्त्याने चढत आमच्या डोंगरांपर्यंत आलं होतं. तुम्ही कुठल्या पक्षाचे, हे तुमच्या मनावर नव्हतं. ओढ्याच्या कुठल्या अंगाला तुमचं घर आहे त्यावर ठरायचं. घरं जळली, गुरं पळवली गेली, माणसं मेली. माशेझींचे यजमान फालाखे म्बांजवा हे त्यातलेच. लाकडाच्या गिरणीत काम करणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. त्यांची एक कालवड चरता चरता ओढा ओलांडून गेली. माशेझींनी सांगितलं होतं, राहू दे, जाऊ नका. ते म्हणाले, कालवडीला पक्ष कळत नाही, मी लगेच येतो. हातात फक्त गुरं हाकायची काठी होती.

दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून त्यांचा देह आला. एथाफेनीत ग्वामांडांच्या गोठ्यामागे पडला होता, एवढंच पोलिसांनी सांगितलं. एमोयेनीत त्यांना पुरलं, रडारड झाली, डोकी भादरली गेली. पण जे करायला हवं होतं ते राहिलंच. आमच्याकडे माणूस घराबाहेर असा मारला गेला तर त्याचा आत्मा त्याच जागी उभा राहतो. घरच्या कर्त्या पुरुषाने बोरीच्या जातीच्या एका काटेरी झाडाची फांदी घेऊन तिथे जायचं, त्याला नावाने हाक मारायची आणि त्याच्याशी बोलत बोलत त्याला घरी आणायचं. मगच तो पूर्वजांमध्ये जाऊन बसतो. फालाखेंना आणायला कोण जाणार होतं? ओढ्यापलीकडे पाऊल टाकलं तर दुसरी फांदी लागली असती.

मग देशात मतदान झालं. मोठ्या पुढाऱ्यांनी हात मिळवले. आमच्या मैदानातही तंबू ठोकून शांततेची सभा झाली आणि सगळ्यांना एकसारखे सदरे वाटले. गोळ्या थांबल्या. पण ओढा कोणी ओलांडला नाही. दवाखाना एथाफेनीत, म्हणून आमच्या बाया आजारी लेकरं पाठीला बांधून डोंगराला वळसा घालत दुसऱ्या गावी न्यायच्या. शाळा आमच्याकडे, म्हणून एथाफेनीची पोरं अंधारात उठून भलतीकडे चालत जायची. त्याला सगळे शांतता म्हणत होते.

माशेझींनी गावाशी वैर घेतलं ते मुलीच्या लग्नावरून. नोमालांगा, त्यांची एकुलती एक. मुलाकडची माणसं बोलणी करायला आली, बोलणी जमली. मग घरच्या पूर्वजांना ही गोष्ट सांगायची म्हणून फालाखेंचे धाकटे भाऊ देलानी गुरांच्या गोठ्यात उभे राहिले. पूर्वजांची एक जागा घरात आतल्या भिंतीशी असते, पण आमचं देवघर म्हणा, काय म्हणा, ते गोठ्यात. पाहुणे बाहेर ओळीने बसलेले. देलानींनी एकेका पूर्वजाचं नाव घ्यायला सुरुवात केली. आजे, पणजे, मग वडील. मग म्हणाले, "आणि तू, फालाखे, आमच्या भावा..."

"थांबा, भाऊजी," माशेझी कुंपणाबाहेरून म्हणाल्या. "तो इथे नाहीये."

देलानी वळून बघायला लागले.

"तुम्ही कोणाला सांगताय? तो एथाफेनीत उभा आहे. ऊन-पाऊस खात उभा आहे, आणि आपण इथे त्याच्या मुलीचं लग्न त्याला ऐकवतोय. आधी त्याला घरी आणा. मग लग्न."

पाहुण्यांसमोर असं बोलायचं म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. पाहुणे उठून गेले. भांडून नाही, पण गेले. देलानींनी त्या दिवसापासून वहिनीशी बोलणं टाकलं. नोमालांगा आठवडाभर रडत होती. गावातल्या बाया म्हणाल्या, बाईचं डोकं फिरलंय, पोरीचं वाटोळं करणार. मी हे सगळं सासूबाईंकडून ऐकलं. तेव्हा ते ताजंच होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माशेझी ओढा ओलांडून गेल्या. दिवसाढवळ्या, डोक्याला लग्न झालेल्या बाईचा रुमाल नीट बांधून, काखेत अर्धी विणलेली चटई घेऊन. आम्ही वरून बघत होतो. त्या लव्हाळ्यात शिरल्या, दिसेनाशा झाल्या आणि पलीकडून बाहेर निघाल्या. माझे सासरे म्हणाले, संपलं.

पुढचं मला त्यांनीच पुष्कळ वर्षांनी विणता विणता सांगितलं. त्या सरळ ग्वामांडांच्या दाराशी गेल्या. आमच्या रीतीप्रमाणे फाटकाबाहेर उभं राहून घराण्याच्या नावाने हाक मारली आणि आतून कोणी बोलावेल म्हणून थांबल्या. कोणी बोलावलं नाही. माणसं घरात होती, चुलीचा धूर निघत होता. मग त्या फाटकासमोर रस्त्याच्या कडेला बसल्या आणि चटई विणायला लागल्या. ऊन कलल्यावर उठल्या, घरी आल्या. दुसऱ्या दिवशी परत गेल्या.

असं बरेच दिवस चाललं. एथाफेनीची पोरं ढेकळं मारायची. कोणी एकाने त्यांच्या अंगावर कुत्रं सोडलं. ते कुत्रं जवळ येऊन चटई हुंगून परत गेलं, हे सांगताना माशेझी खांदे हलवत हसल्या होत्या. पण इकडे आमच्या गावातही त्यांच्या दारावर कोणीतरी कोळशाने "फितूर" असं लिहून ठेवलं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाल्या, "ज्याने लिहिलंय त्याने पुसावं. मला वेळ नाही."

अखेर एक दिवस ग्वामांडांची बायको, मासोखेला, बाहेर आली. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गं बाई, इथे काय बाजार भरलाय? चटया विकायच्या तर रस्ता तिकडे आहे."

"विकायच्या नाहीत. मी नवरा न्यायला आलेय."

"नवरा?" मासोखेला म्हणाली. "आमच्या घरात तुझा नवरा कशाला येईल? माझाच मला सांभाळवत नाही."

"घरात नाही. गोठ्यामागे आहे. तुम्हालाही ठाऊक आहे, बाई. तुम्ही सकाळी झाडायला तिकडे जात नाही. मी बघते ना रोज."

मासोखेला वळली. आत गेली. बऱ्याच वेळाने पाण्याचा डेरा घेऊन आली, तो फाटकाच्या खांबाशी ठेवला आणि मागे न बघता निघून गेली. त्या दिवशी माशेझी त्या घरचं पाणी प्यायल्या.

त्याच्या पुढच्या खेपेला म्हातारे ग्वामांडा स्वतः फाटकापर्यंत आले. आमच्या भाषेत नमस्कार करताना माणूस म्हणतो, आम्ही तुला बघतोय. बोलणारा एकटा असला तरी "आम्ही" म्हणतो. त्याच्यामागे त्याचं घर असतं, गेलेले असतात, अजून न जन्मलेले असतात. इतके दिवस त्या घराने माशेझींना बघितलं नव्हतं. म्हातारे काठीवर रेलून म्हणाले, "शेझींच्या लेकी, आम्ही तुला बघतोय."

"मीही तुम्हाला बघतेय, बाबा," माशेझी म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. त्यांचे पाय मुंग्या येऊन लाकूड झाले होते. फाटकाला धरूनच त्या आत गेल्या.

गोल घरात त्यांना बायकांच्या बाजूला चटई दिली. ज्वारीच्या दारूचं मडकं आलं. ग्वामांडांनी आधी स्वतः घोट घेतला, विष नाही हे दाखवायला, मग त्यांच्याकडे दिलं. ही रीत तर रोजचीच, पण त्या दिवशी तिचा अर्थ दोघांनाही नेहमीपेक्षा वेगळा लागत होता. माशेझींनी आपलं म्हणणं सांगितलं. आम्हाला तुमच्या अंगणातून जाऊ द्या, माझा दीर फांदी घेऊन येईल, आम्ही त्याला हाक मारू आणि घेऊन जाऊ. भांडायला येणार नाही.

म्हाताऱ्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्याने हे केलं तो माझा पुतण्या. त्याच आठवड्यात जोहान्सबर्गला पळाला. परत यायचा नाही, मला माहितीये. हात त्याचे, पण घर माझं. तुला जागा मी दाखवीन." थोडं थांबून म्हणाले, "पण माझा वुकानी कुठे आहे ते मला कोण दाखवणार?"

वुकानी त्यांचा मुलगा. वरच्या शाळेत शिकायचा. भांडण पेटल्यावर एक दिवस तो शाळेतून घरी आलाच नाही. देह ओढ्यात सापडला, पण ओढ्यात तो मेला नव्हता. अंगावर तशा खुणा होत्या. वर एमोयेनीत कुठेतरी मारून त्याला पाण्यात टाकलं होतं. कुठे, ते मारणाऱ्यांनाच माहीत. मासोखेला दरवर्षी ओढ्याकाठी जाऊन मुलाला हाका मारायची. पण जागाच चुकीची असेल तर तो ऐकणार कसा?

माशेझींनी त्या घटकेपर्यंत वुकानीचं नावही ऐकलं नव्हतं. "मी शोधते, बाबा," त्या म्हणाल्या. "आणि त्याचं आधी होऊ दे. माझा मोठा माणूस आहे, अजून थोडं थांबेल. तुमचं लेकरू आहे."

आपण हे का बोललो, हे त्यांना स्वतःलाही त्या वेळी नीट कळलं नव्हतं, असं त्या मला म्हणाल्या. पण ओढा ओलांडून वर येईपर्यंत त्यांना एक गोष्ट कळली होती. देलानींच्या गुरांना गोचीड का असतात, ते.

आमच्या गावात गुरांना गोचिडांच्या औषधाच्या पाण्यातून काढायचं एक सिमेंटचं टाकं आहे. ठरलेल्या दिवशी सगळं गाव गुरं तिथे नेतं. फक्त देलानी नेत नसत. त्यांची गुरं वाळलेली, कानांच्या आत गोचिडांचे घोस. ते कारण सांगायचे की औषधाने दूध आटतं. टाक्याच्या बाजूची वाटसुद्धा ते टाळत; दुकानात जायचं तर झाडीतून वळसा घालत. सगळ्यांनी हे बघितलं होतं. त्यावर कोणी बोललं मात्र नव्हतं.

माशेझी दिराच्या घरी गेल्या. देलानी अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. मी तिथे होते. विणलेली चटई देलानींच्या बायकोला द्यायची म्हणून मला त्यांनी बरोबर आणलं होतं. बहुधा साक्षीला. माशेझी बसल्यासुद्धा नाहीत.

"भाऊजी, ग्वामांडांचा मुलगा टाक्यापाशी मेला का?"

देलानींचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही. "तुला हे कोणी सांगितलं?"

"तुमच्या गुरांनी."

"घरी जा, वहिनी."

"जाते. पण एक ऐका. मी तुमची मोठी भावजय आहे, आजवर तुम्हाला कधी वावगं बोलले नाही. आज बोलते. त्या पोराला तुम्ही तिथे धरून ठेवलंय, म्हणून तुमचा भाऊ पलीकडे अडकलाय. तुम्ही सांगत फिरता की भावाचा सूड मनात आहे म्हणून ओढा ओलांडत नाही. सूड नाही तो. तुम्ही भ्यालात. पोलिसांना नाही, म्हाताऱ्यालाही नाही. त्या जागेला भ्यालात."

देलानी उठले. मला वाटलं आता कुऱ्हाड चालणार. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. माशेझी मला म्हणाल्या, चल.

मग काहीच घडेना. देलानी कामाला जात, येत, कोणाशी बोलत नसत. नोमालांगाच्या होणाऱ्या सासरहून निरोप आला की अजून किती थांबायचं. माशेझींनी उलटा निरोप पाठवला की मुलीचा बाप अजून वाटेत आहे, तो पोचला की कळवते. गावात त्यावर हशा पिकला. माझे पतीसुद्धा हसले, आणि मी त्यांना रात्रीचं जेवण न बोलता वाढलं.

देलानी एका सकाळी आले. माशेझी अंगण झाडत होत्या. ते कुंपणाशी उभे राहिले, टोपी काढली. चेहरा उतरलेला, डोळे खोल गेलेले. म्हणाले, "मी दाखवतो. पण म्हाताऱ्याला सांग, मला काही विचारू नको."

"विचारणार," माशेझी म्हणाल्या. "बाप आहे तो. तुम्ही सांगायचं."

दोन्हीकडच्या मुखियांना कळवलं गेलं. आमच्या मुखियाने पुष्कळ खळखळ केली. असल्या गोष्टी उकरल्या तर पुन्हा पेटेल म्हणाला. माशेझींनी त्यालाच विचारलं, विझलंय कुठे? शेवटी तोही आला. ठरल्या दिवशी ग्वामांडा, मासोखेला आणि त्यांची चारदोन माणसं लव्हाळ्यातून वर चढून आली. इतक्या वर्षांत एथाफेनीचं माणूस आमच्या वाटेवर पहिल्यांदा दिसत होतं. लोक दारात उभे होते. कोणी शिवी दिली नाही, कोणी नमस्कारही केला नाही.

टाक्यापाशी देलानी आधीच येऊन उभे होते. त्यांनी टाक्याच्या मागच्या अंगाला, जिथे जुन्या कुंपणाचे खांब पडले होते, तिथे बोट दाखवलं. "इथे."

ग्वामांडांनी विचारलं, "काही बोलला?"

देलानी म्हाताऱ्यांकडे वळले. मग म्हणाले, "मला ओळखत होता. शाळेच्या वाटेवर रोज दिसायचा. मला बाबा म्हणाला. म्बांजवा बाबा, मी ग्वामांडांचा आहे, असं म्हणाला. त्याला वाटलं, मी ओळखलं नाही म्हणून मारतोय. मी ओळखलं होतं. आम्ही पाचसहा होतो. पण त्याने हाक मला मारली."

मासोखेला खाली बसली. तिने मातीत दोन्ही हात टेकले आणि असा आवाज काढला की मी तोंड फिरवलं. तिला उठवायला कोणी पुढे होईना, कारण आम्ही सगळे एमोयेनीचे. माशेझी पुढे गेल्या. उठवलं नाही, तिच्या शेजारी मातीत बसल्या.

म्हाताऱ्यांच्या हातात काटेरी फांदी होती. ती त्यांनी जमिनीला टेकवली आणि मुलाला म्हणाले, "वुकानी, आम्ही आलोय. उशीर झाला, बाळा. जागा माहीत नव्हती. चल, घरी जाऊ." मग ते वळले आणि चालायला लागले. फांदी नेणाऱ्याशी कोणी बोलायचं नसतं, तोही कोणाशी बोलत नाही, फक्त नेतोय त्याच्याशीच. ते मुलाला वाट सांगत उतरत होते. आता उतार आहे. आता लव्हाळा. आता पाणी आलं, पाय सांभाळ. त्यांना वाट द्यायला आमच्या गावचे पुरुष बाजूला झाले. त्यांनी टोप्या काढल्या होत्या.

काही दिवसांनी पाणथळीत, ओढ्याच्या काठावर, दोन्ही घरं समोरासमोर बसली. मधे पाण्याचं भांडं, त्यात चुलीतली राख कालवलेली. ही आमची जुनी रीत आहे. दोघांनी एकाच भांड्यात हात धुवायचे, मग त्या पाण्याची चूळ भरून बाजूला थुंकायची. पोटात धरलेला राग सगळ्यांच्या देखत तिथे टाकायचा, आणि टाकल्यावर पुन्हा उचलायचा नाही. देलानी पुढे आले. ग्वामांडाही पुढे झाले, पळालेल्या पुतण्याच्या वतीने. एमोयेनीच्या एकाने मागून विचारलं, म्हातारा कशाला धुतोय, त्याने तर काही केलं नाही. ग्वामांडा म्हणाले, "घरातलं एक माणूस माणूसपण घालवून बसलं की घरातल्या सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. मला माझं परत हवंय." दोघांचे हात त्या राखेच्या पाण्यात एकदम गेले. म्हाताऱ्यांनी देलानींचे हात पाण्यातच धरून ठेवले.

सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. मासोखेलाने देलानींकडे त्या दिवशी बघितलं नाही, आणि पुढेही कितीतरी वर्षं बघितलं नाही. देलानींबरोबरच्या बाकीच्यांपैकी कोणीही पुढे आलं नाही. त्यातले दोघे आजही गावात आहेत, त्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. माशेझी त्यांच्या घरी अधूनमधून जाऊन बसायच्या, त्याबद्दल चकार शब्द न काढता.

फालाखेंना आणायला देलानी गेले. ग्वामांडांनी गोठ्यामागची जागा दाखवली. मासोखेलाने ती सकाळीच स्वच्छ झाडून ठेवली होती. देलानींनी फांदी टेकवली, भावाचं नाव घेतलं, आणि पुढे त्यांना काही सुचेना. तसेच उभे राहिले. त्यांच्याशी बोलायचं तर नाही. आम्ही सगळे मागे चालत होतो. ओढा येईपर्यंत ते गप्पच होते. पाण्यात पाय घातला तेव्हा म्हणाले, "पाणी थंड आहे, भावा." आणि मग जे बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. कालवडीचं काय झालं ते सांगितलं. गिरणीत नवा मुकादम आला तो कसा आहे, आई कशी गेली, नोमालांगा किती उंच झालीये, सगळं. टाक्यापाशी काय केलं तेही सांगितलं. "तुझ्या नावाने केलं," म्हणाले. "तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास." चढ चढताना त्यांना दम लागत होता तरी बोलत होते. घरी पोचून फांदी आतल्या भिंतीशी, पूर्वजांच्या जागी ठेवली, तेव्हा त्यांचा घसा पार बसला होता.

माशेझी त्या फांदीसमोर बसल्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "आलास? बस. मुलीचं लग्न आहे." आणि उठून पाहुण्यांना निरोप धाडायच्या तयारीला लागल्या.

लग्नाला ग्वामांडांचं घर आलं. मासोखेला दारू गाळायला मदत करत होती, आणि आमच्या बायांना ती कशी पातळ झालीये हे मोठ्या आवाजात ऐकवत होती. त्या वर्षी हिवाळ्यात दोन्हीकडच्या बाया लव्हाळ्यात उतरल्या. पुढच्या वर्षी एथाफेनीची पोरं आमच्या शाळेत आली. माझं पहिलं बाळंतपण एथाफेनीच्या दवाखान्यात झालं.

पण माशेझींची गोष्ट इथे संपवली तर त्यांना आवडणार नाही. त्या म्हणतात, शांतता एकदा आणली की झालं असं नसतं, रोज शेण काढावं लागतं तसं आहे ते. आणि तसंच झालं. बऱ्याच वर्षांनी नगर परिषदेच्या निवडणुकीत पुन्हा बाहेरची माणसं गाड्या घेऊन खोऱ्यात फिरायला लागली. तरुण पोरांना बाजूला घेऊन बोलायची. एथाफेनीत कोणाला तरी बंदुका दाखवल्या, आमच्याकडेही कोणाला तरी. माझा धाकटा दीर त्यांच्यात बसायला लागला होता, हे मला माहीत होतं. माझ्या पतींना सांगितलं तर ते म्हणाले, पोरं आहेत, बोलतील आणि विसरतील.

मी माशेझींना सांगितलं. तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते, काठी घेऊन चालायच्या. त्यांनी देलानींना बोलावलं आणि दोघं मिळून ओढा उतरले. ग्वामांडा तोपर्यंत गेले होते. मासोखेलाने सगळं ऐकलं आणि त्या दिवशी ती देलानींशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "टाक्यापाशी काय केलंस ते या पोरांना सांगशील? जसं माझ्या नवऱ्याला सांगितलंस तसं? एक शब्द न गाळता?"

देलानींनी मान डोलावली.

पाणथळीत दोन्ही गावच्या पोरांना बसवलं. देलानी बोलले. आधी पोरं हसत, कुजबुजत होती. हळूहळू ते थांबलं. माझा दीर मान खाली घालून बसला होता. देलानींचं झाल्यावर मासोखेला उभी राहिली आणि म्हणाली, तो ज्याला मारलं म्हणतोय तो माझा. एवढंच बोलून ती बसली. त्या वर्षी आमच्या खोऱ्यात कोणी बंदूक उचलली नाही. गाड्यावाली माणसं दुसरीकडे गेली.

ती डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेली. तिथे घरं जळली. माणसं मेली, दोन्ही बाजूंची, आणि मग तिथेही गोळ्या थांबल्या आणि सगळे गप्प झाले. गेल्या वर्षी माशेझींनी मला विचारलं, तुझ्या माहेरचं कोणी आहे का गं तिकडे? मावशी आहे, मी म्हटलं. कोणत्या अंगाला? वरच्या. "मग तू वरच्यांकडे बोल," त्या म्हणाल्या. "खालच्यांकडे मासोखेलाच्या बहिणीचं घर आहे, मासोखेला येतेय बरोबर. देलानीही येतो म्हणतायत."

मी म्हटलं, आई, तुम्हाला चालवत नाही. आणि तिथे आपल्याला कोण ओळखतं?

"टॅक्सी जाते तिकडे," त्या म्हणाल्या. "आणि ओळख काय, बसल्यावर होते."

तेव्हापासून आम्ही तिकडे जाऊन बसतो. अजून कोणी फारसं बोलत नाही. मागच्या खेपेला खालच्या अंगाच्या एका बाईने आपल्या गेलेल्या मुलाचं नाव सांगितलं, एवढंच. परतीच्या टॅक्सीत मासोखेला आणि माशेझी त्या मुलाच्या आईला काय जेवायला नेता येईल यावर भांडत होत्या. एकीचं म्हणणं मक्याचं पीठ, दुसरीचं आंबट दूध. शेवटी दोन्ही न्यायचं ठरलं. शनिवारी निघायचंय.